पाटावरचा कॉम्प्युटर

सांगोल्याच्या बागेतलं एक डाळिंब. अर्धं लालबुंद, अर्ध्यावर तेलकट काळे डाग, मधोमध तडकलेलं. शेजारी मोजपट्टी धरलीय, पट्टी धरणाऱ्या अंगठ्याचं नख मातीनं भरलंय.

*

एका म्हातारीनं दसऱ्यापासून ताटाला हात लावलेला नाही. ताक पिते. विचारलं तर म्हणते, पोट भरलंय.

*

टॉवेलच्या कारखान्यातला कॉम्प्युटर उघडला की आधी कापूस निघतो, मग कॉम्प्युटर.

*

'सदर प्रबंधातील छायाचित्रे मूळ स्वरूपात, घेतल्याच्या तारखांसह, तोंडी परीक्षेच्या वेळी सादर करावीत. अन्यथा आकडेवारी बनावट समजण्यात येईल.'

*

ऑक्टोबरचं ऊन. इमारतीखाली एक स्कूटर उभी. सीटला हात लावला तर चटका बसेल.

*

दात कोरायची काडी. टोकाला लाल.

वीज येते का?

जुळे सोलापुरात महेश्वरीचं दुकान होतं, एका इमारतीच्या तळमजल्यावर. मेलेल्या कॉम्प्युटरमधून फायली काढून द्यायचं दुकान. लग्नाचे फोटो, कारखान्यांचे हिशेब, मुलांचे प्रकल्प. पुण्याची नोकरी सोडून ती परत आली तेव्हा लोक विचारायचे, "मालक कुठायत?" आता विचारत नाहीत. आता म्हणतात, महेश्वरीनं नाही म्हटलं म्हणजे गेलंच समजा.

ह्या कौतुकाचा तिला मनापासून राग होता. नाही म्हणायला कुणाला आवडतं?

आणखी एक गोष्ट ती शिकली होती. कॉम्प्युटर कसा मेला हे गिऱ्हाईक कधी खरं सांगत नाही. चहा सांडलेला असतो, आणि म्हणतात आपोआप बंद पडला. म्हणून यंत्र आलं की आधी ती चहूबाजूंनी त्याचे फोटो काढायची. पुढं भांडण नको.

त्या दिवशी जुन्या चादरीत गुंडाळलेला कॉम्प्युटर स्कूटरच्या पायाशी उभा करून नंदीश आला. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. टॉवेलच्या कारखान्यात निर्यातीचं काम बघायचा.

"काय सांगू मॅडम," तो म्हणाला, "आमच्या अव्वाचा, म्हणजे आईचा उद्योग. खंडेनवमीला ह्याची पूजा केली, वर पाणी शिंपडलं. दसऱ्याला चालू करतो तर खेळ खलास."

"आत काय आहे?"

"माझ्या बायकोचं, श्रावणीचं सहा वर्षांचं काम. डाळिंबावर तेल्या रोग पडतो ना, त्याचे फोटो. शुक्रवारी पीएच.डी.ची तोंडी परीक्षा आहे. परीक्षकानं मूळ फोटो मागितलेत. नाही दाखवले तर म्हणतील, पोरीनं सगळं घरी बसून रचलं."

"दुसरी प्रत?"

नंदीशनं मान खाली घातली. "होती की. बाहेरून जोडायच्या डिस्कवर. मागच्या महिन्यात ऑफिसचं भरायला घेतली आणि माझ्याच हातून पुसली गेली. परत भरून देणार होतो, राहिलं."

महेश्वरी फोटो काढत होती. डब्याच्या पुढच्या अंगावर विभूतीची तीन बोटं. चारी बाजूंना कुंकू. मागं, जिथं कुणी बघतही नाही, तिथल्या स्क्रूंच्या डोक्यांवरसुद्धा.

"अव्वांनी मन लावून केलीय पूजा."

"हो ना," नंदीश हसला. "पुसणार होतो, म्हटलं राहू दे. तुम्हाला दिसायला पाहिजे काय झालं ते." आणि जाता जाता दारात थांबून म्हणाला, "नाही निघालं तर तसं लेखी द्याल ना? तुमच्या लेटरहेडवर. युनिव्हर्सिटीत दाखवायला बरं पडेल."

इतक्या वर्षांत येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, निघेल ना हो? नाही निघालं तर काय, हे विचारणारा हा पहिलाच.

तो गेल्यावर तिनं वायर लावली, बटण दाबलं.

पंखा फिरला. छान, एका सुरात. पाण्यानं मेलेलं यंत्र असा श्वास घेत नाही.

पडद्यावर काही दिसतं का?

काळा पडदा. वर इंग्रजीत एक ओळ: सुरू करायला डिस्क सापडत नाही.

वरच्या जाळीवर पाण्याचे पांढरे डाग होते, सोलापूरच्या पाण्याचे असतात तसे. पण हात फिरवला तर आतपर्यंत काही पोचल्याचं दिसेना. आता डबा उघडणं आलं. मागच्या स्क्रूंच्या खाचा कुंकवानं बुजल्या होत्या, ओलं लावून वाळलेलं, लाखेसारखं घट्ट. स्क्रू ड्रायव्हर बसेना. महेश्वरीनं दात कोरायची काडी घेतली, वैतागत एकेक खाच कोरली, आणि मगच पत्रा निघाला.

आत धूळ. वर्षानुवर्षांची, मऊ, करडी. कुणी कधी न उघडलेल्या यंत्रात असते तशी. फक्त एका जागी ती पुसली गेली होती. हार्ड डिस्कच्या खणापाशी. तिथं बोटांचे ठसे होते.

तिनं डिस्क सोडवून कानाशी धरत चालू केली. टक. टक. टक. आतली सुई आपटत होती. ही मेली होती, आणि आज नव्हे, फार पूर्वी. लेबलावरचं साल बघितलं तर डिस्क कॉम्प्युटरपेक्षा वयानं थोरली निघाली. आणि बाजूच्या भोकांतून चिमट्यानं तिनं जे ओढून काढलं ते पांढरं होतं, तंतूतंतूचं.

कापूस.

डब्यात दुसरीकडं कापसाचा एक धागा नव्हता. ही डिस्क ह्या घरातली नव्हतीच. श्रावणीची डिस्क कुणीतरी काढून नेली होती, आणि तिच्या जागी एक प्रेत ठेवलं होतं.

शेवटचं कुणी वापरलं?

श्रावणी रिक्षानं आली. मूळची माळशिरसची, शिक्षकांच्या घरातली. तिचे डोळे कोरडे होते. रडून झालेल्या माणसाचे असतात तसे.

महेश्वरीनं तिला कापसाचं सांगितलं नाही. आधी ऐकायचं होतं.

"अष्टमीला संध्याकाळी मी काम केलं," श्रावणी म्हणाली. "चांगला चालला. नवमीला पहाटेच सांगोल्याला गेले, तोंडी परीक्षेत दाखवायला बागेचे ताजे फोटो हवे होते. संध्याकाळी आले तर कॉम्प्युटर हॉलमध्ये पाटावर. हार, विभूती, सगळं. मग हात कसा लावणार? पूजा झाली की हत्यार निजतं म्हणतात, दसऱ्यालाच उठवायचं. दसऱ्याला उठवलं, तर…"

"घरी कोण होतं नवमीला?"

"अव्वा होत्या. नंदीशला सुट्टी होती. संध्याकाळी अनीश आला."

"अनीश कोण?"

"माझ्याबरोबरच संशोधन करतो. एकाच गाइडकडं." श्रावणीनं ओठ आवळले. "परीक्षकाच्या कानात शंका त्यानंच घातली, असं सगळे म्हणतात. त्याच्या वडिलांचे टॉवेलचे माग आहेत, पण ह्याला शास्त्रज्ञ व्हायचंय. मी चहा करायला आत गेले. तो पाटाशेजारीच बसला होता. एकटा."

टॉवेलचे माग. महेश्वरीनं मनात खूणगाठ बांधली. कापूस दोन घरांकडं बोट दाखवत होता.

"ही परीक्षा झाली की पुढं काय?"

"हिमाचलात नोकरी लागलीय. डाळिंबावरच. तोंडी परीक्षा झाली की रुजू व्हायचं, नाहीतर ती दुसऱ्याला."

"घरच्यांना चालणार आहे?"

"नंदीशनं स्वतः अख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले." ती पहिल्यांदा हसली, पण ते हसू टिकलं नाही. "मॅडम, मी अव्वांवर ओरडले. लग्न झाल्यापासून कधी आवाज चढवला नव्हता. म्हटलं, तुमच्या देवानं माझी सहा वर्षं खाल्ली. शेजाऱ्यांनी ऐकलं. तेव्हापासून त्या जेवत नाहीत. नंदीश म्हणतो, जाऊ दे, म्हातारी आहे, तिला काय कळतं."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटतं, फोटो मिळाले नाहीत तर मी खोटी ठरेन," श्रावणी म्हणाली. "आणि मी खोटी नाही. बस्स."

आवाज येतो का?

येतो. मागांचा. खटाखट, खटाखट. अनीशच्या वडिलांच्या शेडमध्ये ओरडूनच बोलावं लागत होतं.

"मी तक्रार केली?" अनीश ओरडला. त्याच्या केसांत कापूस होता, भुवयांवरही. "केली असती तर खाली सही ठोकली असती!"

"मग शंका कुणाला आली?"

"परीक्षकाला डोळे आहेत की! तिचे आकडे बघा. सुबक! रोग इतका शहाण्यासारखा वागत नाही, मॅडम."

"म्हणजे ती खोटं बोलते?"

"मी म्हणतो, फोटो दाखव. एवढंच. आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर मरतो! वा! पूजेनं!" त्यानं टाळी वाजवली. "फोटोच नसतील तर? कॉम्प्युटर मेला ही तिचीच सोय नाही का? तुम्ही तिलाच का नाही विचारत?"

महेश्वरीच्या मनात हे येऊन गेलं होतं. म्हणून जास्त झोंबलं.

"नवमीला तुम्ही पाटाशेजारी एकटे होता."

"होतो. कंटाळलो. शेवंतीच्या पाकळ्या मोजल्या. पूजेतल्या वस्तूला हात लावला असता तर आमच्या आईनं हात मोडून गळ्यात बांधला असता."

शेडच्या कोपऱ्यात एक जुनाट कॉम्प्युटर उघडा पडला होता, पोटात कापसाचा गोळा. डिस्कची जागा रिकामी.

"ह्याची डिस्क कुठंय?"

अनीश पोट धरून हसायला लागला. "मॅडम, तुमच्याकडंच! उन्हाळ्यात आमच्या वडिलांनी, नानांनी दिलीय. फोन करून करून थकले, तुम्ही उचलत नाही."

दुकानात परत येऊन तिनं फळी शोधली. होती. नानांच्या नावाची चिठ्ठी लावलेली.

आणखी काही जोडलेलं होतं का?

नंदीशची आई सुंदरम्मा पलंगाच्या कडेला बसली होती. कपाळावर विभूती, ओठ सुकलेले. श्रावणी आत ताक घुसळत होती. दुपार टळायला आली होती, नंदीश अजून कारखान्यातून यायचा होता.

"या बाई. तुमीच का त्या मशीनवाल्या? कन्नड बर्तदेन?"

"बर्तद, येतं की अव्वा. माझ्या घरीही अव्वाच आहे."

म्हातारीला तेवढ्यानं बरं वाटलं. "मग तुमाला सांगाया लाज न्हाय. मी घात केला पोरीचा. पानी लई पडलं का वो?"

"खंडेनवमीला कशाकशाची पूजा केली, अव्वा?"

"समद्याची. इळी, खलबत्ता, शिलाई मशीन, मिक्सर. ह्यो काँप्युटर. पोरानंच वायरी काढून पाटावर ठिवला, मला कुटं उचलतंय. मग तो गेला कारखान्यात, तितं बी पूजा असती. जाताना मैतराच्या गाडीवर गेला. मग मी खाली जाऊन स्कूटरची केली. किल्ली खुंटीला असतीच. डिकीतलं पानं, पक्कड, लोखंडाची वडी, समद्याला कुकू लावलं. हत्यारात आप-परका करू न्हाई."

"कॉम्प्युटरला मागच्या अंगालाही लावलंय."

"लावनार की! देवाला पाठ कुटली?"

आतून श्रावणीचा हसण्यासारखा आवाज आला, आणि लगेच थांबला.

महेश्वरी पुढं झुकली. "अव्वा, ऐका. पाण्यानं काहीही झालेलं नाही. तुमच्यामुळं काही झालं नाही."

सुंदरम्माचा चेहरा हळूहळू सैल झाला, मूठ उघडावी तसा. तिनं पदर डोळ्यांना लावला. "खरं म्हनता? यव्वा! मग कशानं गेला वो?"

"ह्यानं," महेश्वरी म्हणाली, आणि पिशवीतून ती मेलेली डिस्क काढून तिच्या हातात दिली.

सुंदरम्मानं ती उलटसुलट केली. "ह्याला तर मी कुकू लावलं व्हतं की. पुसलं कुनी?"

आतली रवी थांबली.

डिस्कवर कुंकू नव्हतं. पुसल्याची खूणही नव्हती. कधी लागलेलंच नव्हतं.

म्हातारीचं बोट डिस्कच्या कडेवरून फिरत होतं आणि फिरता फिरता थांबलं. ती काय आठवतेय हे महेश्वरीला दिसत होतं. कुठं लावलं होतं, कशात सापडलं होतं, कुणाच्या गाडीत. चेहऱ्याची उघडलेली मूठ पुन्हा मिटली.

"न्हाय," सुंदरम्मा म्हणाली. "चुकलं माजं. हे न्हवं. आमाला काय कळतंय ह्यातलं."

"अव्वा, कॉम्प्युटरची पूजा दरवर्षी करता?"

"यंदाच केली."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

"कुनाच्या न्हाय. मनात आलं." तिनं डिस्क परत दिली, जड वस्तू लांब करावी तशी. "पान्यानंच गेला बाई तो. लिवा तुमी तसं. पान्यानं गेला."

आत कुणी हात घातला होता का?

जिना उतरता उतरता महेश्वरी मधेच थांबली. पाठोपाठ येणारी श्रावणी तिच्यावर आदळता आदळता राहिली.

महेश्वरीनं मोबाइल काढला. यंत्र आलं तेव्हाचे फोटो. मागची बाजू. स्क्रू मोठे करून बघितले. प्रत्येक खाचेत कुंकू, काठोकाठ, वाळलेलं.

"मी मूर्ख आहे," ती म्हणाली. "स्वतःच्या हातानं कोरून काढलं आणि बघितलं नाही."

"काय?"

"हे कुंकू असताना स्क्रू ड्रायव्हर बसत नाही. पूजेनंतर कुणी डबा उघडला असता तर हे फुटलं असतं. म्हणजे डिस्क बदलली ती पूजेच्या आधी. अव्वा पाणी शिंपडत होत्या तेव्हा ह्यात तुमचे फोटो नव्हतेच. आणि अनीश आला तो पूजेनंतर. त्यानं खरंच पाकळ्या मोजल्या."

श्रावणी भिंतीला टेकली. डिस्क बदलली, हे ती आत्ता पहिल्यांदा ऐकत होती. तिला समजायला वेळ लागला नाही. तिनं फक्त एकेक गोष्ट मोठ्यानं म्हटली, बोटावर घेतल्यासारखी. "अष्टमीच्या संध्याकाळी चालत होता. नवमीच्या पहाटे मी गेले. मागं अव्वा. आणि…"

तिनं नाव घेतलं नाही. खाली स्कूटरचा आवाज आला.

नंदीश जेवायला आला होता. हेल्मेट काढता काढता त्यानं दोघींना बघितलं, हसला. "अरे, मॅडम! तुम्ही घरी? निघालं का काही?"

"डिकी उघडा," महेश्वरी म्हणाली.

"का? काय पाहिजे?"

"पक्कड."

तो उभाच राहिला. किल्ली हातात होती, हात पुढं येत नव्हता. श्रावणीनं ती त्याच्या बोटांतून काढून घेतली. सीट वर केली.

फडकं, पाना, पक्कड, हवेचा छोटा पंप. सगळ्यांवर कुंकवाचा एकेक टिपका, वाळून काळपटलेला. आणि तळाशी ती लोखंडाची वडी. तिच्यावर विभूतीची तीन बारीक बोटं, मधोमध कुंकू. सुंदरम्मानं इतर हत्यारांपेक्षा हिची पूजा जरा जास्तच निगुतीनं केली होती. नवीन होती म्हणून असेल.

"ही… ऑफिसची जुनी आहे," नंदीश म्हणाला.

"ऑफिसची माझ्या पिशवीत आहे," महेश्वरी म्हणाली. "कापसासकट. तुम्ही कॉम्प्युटर माझ्याकडं आणलात तेव्हा ही तुमच्या बुडाखाली होती. तुम्हाला फायली नकोच होत्या. माझं 'नाही' पाहिजे होतं, लेटरहेडवर. आणि पूजेच्या खुणा पुसल्या नाहीत, कारण मला अव्वाचा गुन्हा दिसायला पाहिजे होता. तो दिसला. त्यातच तुमचा दिसला."

श्रावणीनं डिस्क उचलली. उन्हानं तापलेली. ती ह्या हातातून त्या हातात घेत राहिली, तव्यावरची भाकरी घ्यावी तशी, पण खाली ठेवली नाही.

"सुरक्षितच होते की फोटो!" नंदीशचा आवाज चढला. "एक तरी पुसला का मी? एक? मुदत गेली की देणारच होतो. दिवाळीला दिले असते. सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं परीक्षेला."

"पुन्हा बसता येतं," श्रावणी म्हणाली. "खोटी ठरल्यावर."

"आणि तू तिकडं डोंगरात गेलीस की अव्वाला कोण बघणार?"

"तू बघत होतास ना? ताटाला हात न लावता बसलीय ती. रोज तिच्यासमोर जेवलास तू."

वरच्या गॅलरीत शेजारी जमले होते. त्यांच्यामधून वाट काढत सुंदरम्मा कठड्याशी आली. उपाशी अंगात एवढा आवाज कुठून आला कोण जाणे.

"मीच काढलं ते! ऐका! मीच काढून तितं ठिवलं. पोराला काय म्हनू नगा!"

"अव्वा," महेश्वरीनं वर बघून म्हटलं, "ते काढायला स्क्रू ड्रायव्हर लागतो."

"लागू दे की! घेटला मी!"

नंदीशनं वर बघितलं नाही. तो म्हणू शकला असता, अव्वा, गप्प बस, मी केलं. महेश्वरी थांबून राहिली, की म्हणेल. त्यानं हेल्मेट आरशाला अडकवलं, आणि म्हातारीला तसंच ओरडू दिलं.

अहवाल

यंत्र: घरगुती कॉम्प्युटर, आणून देणार नंदीश.

तक्रार: पूजेच्या पाण्यानं बंद पडला.

तपासणी: पाण्यानं काहीही बिघडलेलं नाही. हे वाक्य दोनदा लिहीत आहे. पाण्यानं काहीही बिघडलेलं नाही.

निष्कर्ष: डेटा परत मिळवावा लागला नाही. तो गेलाच नव्हता.

नंदीशनं मागितलं होतं म्हणून तिनं हे लेटरहेडवर छापलं, खाली सही केली, आणि कारखान्याच्या पत्त्यावर पाठवून दिलं. उत्तर आलं नाही.

डिस्क जोडल्याबरोबर चालली होती. डाळिंबामागून डाळिंब पडद्यावर आलं, तारखेसह, मोजपट्टीसह, मातीच्या नखासह. डिस्कवरचं कुंकू श्रावणीनं पुसू दिलं नाही. शुक्रवारी परीक्षक फोटो बघत बसला, आणि अनीश मागच्या बाकावरून पुढच्या बाकावर येऊन बघत बसला. "रोग खरंच शहाणा निघाला," तो शेवटी म्हणाला. त्याच्याकडून ही माफीच होती.

श्रावणी सामान घ्यायला घरी गेली तेव्हा सुंदरम्मा दारातून हलली नाही. श्रावणी पायाशी वाकली. म्हातारीनं पाय मागं घेतले.

"माज्या पोराला चार मानसांत चोर केलंस," ती म्हणाली. "पान्यानं गेला म्हटलं असतंस तर काय बिगडलं असतं तुजं?"

"अव्वा, तुम्ही काही केलं नव्हतं."

"मला ठावं हाय की!"

श्रावणी रिक्षात बसली, डिस्क मांडीवर घेऊन. सुंदरम्मानं दार लावलं, स्वैपाकघरात गेली, नंदीशला गरम भाकरी वाढली. त्याचं झाल्यावर त्याच्याच ताटात स्वतःसाठी घेतलं, आणि जेवली.

*

खंडेनवमीच्या सकाळी नंदीशनं कॉम्प्युटर पाटावर ठेवला आणि आईला म्हणाला, "अव्वा, यंदा ह्याचीबी पूजा कर. पाणी जरा बक्कळ शिंपड."